नॉन-बीटीचं छोटं पाकीट

उत्साही : नाना, लोक अपयशाला घाबरतात, कारण त्यांनी ते जवळून पाहिलेलंच नसतं. माझ्या अभ्यासिकेत राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पहिल्यांदा देणारं पोर सगळ्यांत जास्त धास्तावलेलं असतं. दोनदा पडलेलं पोर त्या मानाने शांत. आपलं अर्थशास्त्र कच्चं आहे, गणिताच्या प्रश्नांत वेळ जातो, हे त्याला कळलेलं असतं. निकाल लागल्यावर मामा काय म्हणेल आणि त्याला काय उत्तर द्यायचं, हेही त्याचं ठरलेलं असतं. आपण मात्र पोरांना ही ठेच लागूच देत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचं नाही असं ठरलं. पुढे २०१६ पासून दहावीच्या गुणपत्रिकेवरही 'नापास' न लिहिता 'कौशल्य विकासास पात्र' लिहायला लागले. हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे माणसाला पहिली ठेच लागते ती थेट पंचविशीत, फुलंब्रीहून शहरात जाऊन खोली घेतल्यावर. त्या वयात ती गुडघ्याला लागत नाही, डोक्याला लागते. म्हणून मी म्हणतो, अपयश लवकर यावं आणि त्याला घरात जागा असावी. ते शिकवतं.

शंकेखोर : दोनदा पडलेलं पोर शांत दिसतं, सर, कारण जे अशांत झाले ते तुमच्या अभ्यासिकेत परत आलेच नाहीत. कोणी शहरातल्या कंपनीत कंत्राटी लागलं, कोणी कृषी सेवा केंद्रात पोती उचलतंय, कोणी घरातून बाहेरच निघत नाही. उरले त्यांना तुम्ही मोजता आणि म्हणता, बघा, अपयशाने कसं घडवलं. २०२३ ला तो 'ट्वेल्थ फेल' पिक्चर आला. बारावीला नापास झालेला चंबळकडचा पोरगा आपल्या महाराष्ट्रात मोठा पोलीस अधिकारी झाला. खरी गोष्ट, मान्य. पण त्याच्याबरोबर त्याच वर्षी नापास झालेल्या बाकीच्यांवर कोण पिक्चर काढणार? अपयशाचे सगळे धडे यशस्वी माणूसच सांगतो. पडून राहिलेल्याला सत्काराला कोणी बोलावत नाही, त्यामुळे तो काय शिकला हे आपल्या कानावर येतच नाही. आणि भीतीचं म्हणाल, तर मला ती अडाणीपणाची वाटत नाही. भीती हिशेबाची असते. शहरातली खोली, मेस, अभ्यासिका, पुस्तकं, वर दर महिन्याला मोबाइलचं रिचार्ज. हे सगळं कुणाच्या तरी अद्रकीच्या पैशांतून गेलेलं असतं. ज्या साली अद्रकीला भाव लागला त्या साली पोर शहरात गेलं, भाव पडला त्या साली बापाने आडत्याकडून उचल घेतली. त्या पोराच्या पोटात गोळा येतो तो पेपराला नाही येत. उचल फिटणार कशी, याने येतो.

उत्साही : हिशेबाचीच गोष्ट काढलीत तर मला एक सांगा. अपयशाचा हिशेब आपल्याकडे सगळ्यांत मोकळेपणाने कुठे होतो? शेतीत. पैसेवारी काय असते? सरकार गावात येतं, पीक कापून बघतं आणि आकडा लावतं. पन्नास पैशांच्या आत आला तर गावच नापास. आणि गाव त्याची लाज धरतं का? उलट आकडा एकावन्न लागला तर तहसीलवर मोर्चा जातो. पन्नासच्या आत आला की सारा सुटतो, कर्जाचं पुनर्गठन होतं, लेकरांची दहावी-बारावीची परीक्षा फी माफ होते. म्हणजे बघा, गाव नापास झालं तर पोराची फी माफ, आणि तेच पोर नापास झालं तर घरात सुतक. नाना, जो माणूस नापिकी चारचौघांत सांगू शकतो, त्याला पोराचा निकाल सांगताना खाली का बघावं लागतं? याचं उत्तर मला पैशांत सापडत नाही. पैसे तर नापिकीत जास्त जातात.

शंकेखोर : सापडेल. नापिकी सगळ्यांची असते. माझं वाळलं तसं शेजाऱ्याचं वाळलं, आभाळाने दगा दिला, त्यात माझी अक्कल निघत नाही. पोराचा निकाल एकट्याचा लागतो. शेजारचा पास झाला आणि आमचा पडला, म्हणजे आमच्यातच काही तरी कमी, असं लोक धरतात. पण शेतीत लाज नाही असं म्हणू नका. मराठवाड्यात माणसं फास लावून घेतात ती पीक गेलं म्हणून नाही, सर. पीक गेल्याचं गावाला माहीत असतं. कर्ज किती आहे ते माहीत नसतं. बँकेचं सांगता येतं, सावकाराचं सांगता येत नाही. पोरीचं लग्न ठरलेलं असतं आणि नोटीस आलेली असते. नापिकीला पैसेवारी आहे, या गोष्टीला नाही. जिथे अपयशात एकटेपणा शिरला तिथे शेतकरी आणि तुमचा विद्यार्थी सारखेच.

उत्साही : मग माझंच म्हणणं सिद्ध होतं. अपयश वाईट नाही, एकटेपणा वाईट. सगळ्यांच्या समोर घेतलेलं अपयश शिकवतं. बहात्तरचा दुष्काळ तुम्ही पाहिलाय. त्या दुष्काळातून या राज्याने रोजगार हमी काढली. १९७७ ला कायदा झाला, १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू झाला आणि २००५ ला देशाने तशीच हमी सगळीकडे दिली. एवढं मोठं अपयश आलं नसतं तर कुठलं सरकार 'मागेल त्याला काम' म्हणालं असतं?

शंकेखोर : बहात्तरला मी खडी फोडली आहे, मला ते सांगू नका. आणि तुमच्याच दाखल्यात खोट आहे. रोजगार हमीची कल्पना दुष्काळाने शिकवली नाही. वि. स. पागेंनी सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात, १९६५ लाच तो प्रयोग करून दाखवला होता. धडा सात वर्षं तयार होता. कोणी उघडून पाहिला नाही. दुष्काळाने फक्त मान पकडून वाचायला लावला. म्हणजे अपयश शिकवत नाही, ते ऐकायला भाग पाडतं. यात फरक आहे, सर. शिकवणाऱ्याने आधीच शिकवलेलं असतं. आणि ऐकायला भाग पाडण्याची किंमत कोणी दिली? खडी फोडणाऱ्याने दिली. धडा मंत्रालयाला मिळाला.

उत्साही : हे मान्य करायला जड जातं, पण मान्य. तरी मी वेगळ्या बाजूने येतो. आधी तयार असलेला धडा माणूस ऐकत का नाही? मला वाटतं, याच भीतीमुळे. तुमचं कापसाचंच घ्या. बोंडअळीच्या वर्षी, २०१७ ला, काय झालं ते तुम्ही मला अनेकदा सांगितलंय. पण त्याआधी काय काय झालं होतं, तेही सांगा.

शंकेखोर : बीटी कापूस आला २००२ ला. दोन जनुकांचं बोलगार्ड-दोन २००६ ला. सुरुवातीला फवारण्या खरंच कमी झाल्या, ते नाकारून चालणार नाही. मग गुजरातेत गुलाबी अळी पहिल्या बीटीला दाद देईना, हे कंपनीनेच २०१० ला कबूल केलं. काही वर्षांत तिथेच दुसरंही लागू पडेना झालं. शास्त्रज्ञ सांगत होते की फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, अळीला उन्हाळाभर खायला ठेवू नका. पण पाणी होतं त्याने फरदड ठेवली, कारण फेब्रुवारी-मार्चात वेचलेला तो चार क्विंटल कापूस म्हणजे रोख पैसा. मग २०१७ ला बोंड वरून हिरवंगार दिसायचं आणि फोडलं की आत किडकी सरकी. महाराष्ट्रभर तेच. गुजरातच्या कापसाने शिकवलेलं इथे कोणाला कळलं नाही, असं नाही. कळलं होतं, परवडलं नाही.

उत्साही : आणि ते छोटं पाकीट?

शंकेखोर : कुठलं, नॉन-बीटीचं?

उत्साही : हो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कारण मला या पाकिटात आपली सगळी चर्चा दिसते. बीटीच्या साडेचारशे ग्रॅमच्या पिशवीबरोबर एकशेवीस ग्रॅमचं साध्या कापसाचं पाकीट यायचं. ते वावराच्या चारी बाजूंनी पाच-पाच ओळी लावायचं, निदान वीस टक्के क्षेत्रावर. तिथे अळी पडणार, बोंडं खाणार. पडू द्यायची. कारण बीटीच्या झाडावर वाचलेली अळी म्हणजे विष पचवणारी अळी. तिच्या पतंगाला जर तसाच दुसरा पतंग भेटला तर पुढची सगळी पिढी विष पचवणारी निपजते. बाजूच्या साध्या ओळींतून भरपूर साधे पतंग निघाले तर जोड त्यांच्याशी लागते आणि पिल्लांवर बीटी चालत राहतं. म्हणजे मोठं पीक वाचवायचं तर थोडं पीक मुद्दाम गमवायचं, दरवर्षी, डोळ्यांदेखत. शास्त्रज्ञांनी पिशवीत अपयश मोजून दिलं होतं, नाना, एकशेवीस ग्रॅम! आणि गावोगाव बहुतेकांनी ते पाकीट बांधावर फेकलं. पाच ओळींचं नुकसान बघवलं नाही, म्हणून पुढे सगळं वावर गेलं. घरात तरी आपण दुसरं काय करतो? पोराला चित्रकलेत नापास होऊ देत नाही, सायकलवरून पडू देत नाही, दुकानात हिशेब चुकवू देत नाही. एकही ओळ अळीला सोडत नाही. मग पंचविशीला जी अळी येते तिला कुठलंच औषध लागू पडत नाही.

शंकेखोर : बोललात चांगलं. वर्गात टाळ्या पडतील. आता त्या पाकिटाची दुसरी बाजू ऐका. ज्याला वीस एकर आहे त्याच्या पाच ओळी कुठे दिसतही नाहीत. ज्याला दीड एकर कोरडवाहू आहे त्याच्या चारी बाजूंनी पाच ओळी सोडल्या तर मधे राहतं काय? लहान वावराला बांध जास्त असतो, सर, हे साधं गणित आहे. वीस टक्के म्हणजे त्याच्या पोरीचं बारावीचं वर्ष. आणि त्याहून पुढची गोष्ट अशी की पतंग बांध ओळखत नाही. मी इमानदारीने पाच ओळी लावल्या आणि शेजारच्या दहा जणांनी पाकिटं फेकली, तर माझे साधे पतंग त्यांच्या वावरात जाऊन त्यांचंही पीक वाचवणार आणि नुकसान मात्र माझ्या एकट्याच्या नावावर. सगळ्यांनी लावलं तरच फायदा, आणि एकट्याने लावलं तर मूर्ख. तुमच्या घरातलं असंच आहे. एक बाप पोराला म्हणाला, पड, शिक, तीन वर्षं गेली तरी हरकत नाही. आणि बाकीच्या गावाने पोराला जुंपून ठेवलं. तर पाहुणे कोणाकडे बोट दाखवणार? सोयरीक कोणाच्या घरी येणार? एका घराने हिंमत करून भागत नाही. हिंमत गावाने करावी लागते, आणि गावाला कोण सांगणार?

उत्साही : म्हणजे तुम्हीही तत्त्व मान्य केलंत. भांडण उरलं ते पाकीट कोणी लावायचं, याचं.

शंकेखोर : तत्त्व मी कधी अमान्य केलं होतं? मला राग येतो तो फुकटात तत्त्व सांगणाऱ्यांचा. आपल्याच मतदारसंघात बघा. फुलंब्रीत २००९ ला हरिभाऊ बागडे पडले, कल्याण काळे निवडून आले. २०१४ आणि २०१९ ला उलटं झालं. काळे त्याच २००९ च्या उन्हाळ्यात जालन्यातून लोकसभेला पडले होते, २०२४ ला तिथूनच निवडून आले. बागडे विधानसभेचे अध्यक्ष झाले, पुढे राज्यपाल झाले. दोघांची चिकाटी खरी आहे. पण निवडणूक हा असा धंदा आहे की पाच वर्षांनी पुन्हा येतेच, आणि पडलेल्या माणसाचा चहा कोणी बंद करत नाही. तिथे अपयश पचवणं सोपं. पोराला किती निवडणुका मिळतात?

(इथे दोघेही बराच वेळ राजकारणात शिरले. ते गाळतो.)

उत्साही : मोठ्या माणसाचाच दाखला घ्यायचा तर मी बाबासाहेबांचा घेईन. १९५२ ला मुंबईतून लोकसभेला पराभव, १९५४ ला भंडाऱ्यातून पुन्हा पराभव. ज्याने घटनेचा मसुदा लिहिला त्याला दोनदा घरी बसवलं. आणि त्याच वर्षांत आपल्या शहरात काय चाललं होतं? १९५० ला सुरू केलेलं कॉलेज उभं राहत होतं, जे पुढे मिलिंद झालं. मराठवाड्यातल्या किती घरांतलं पहिलं पदवीधर पोर तिथून बाहेर पडलं! पराभवाने त्यांना काय शिकवलं, ते मी सांगू शकत नाही. पण एवढं दिसतं की त्यांचं सगळं बियाणं एका वावरात नव्हतं. माझ्या अभ्यासिकेतल्या पोराचं असतं. सकाळी सहा ते रात्री दहा एकच खुर्ची, एकच परीक्षा. त्याला विचारलं, तू कोण, तर म्हणतो 'एमपीएससी करतो'. परीक्षा गेली की तो कोणीच उरत नाही. भीती तिथून येते.

शंकेखोर : हे मला पटलं. पण मग दोष परीक्षेलाही द्या. अपयशाने शिकवायचं तर त्याने कारण सांगायला हवं. बोंड फोडलं की अळी दिसते. पोराच्या निकालात काय दिसतं? एका मार्काने कट-ऑफ हुकला. तो मार्क अभ्यासाचा होता, की उत्तरतालिकेतल्या एका बदललेल्या उत्तराचा? कळायला मार्ग नाही. मार्च २०२१ ला पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली, पोरं पुण्यात रस्त्यावर उतरली, तेव्हा आठवड्याने घेतली. आधी संधी मोजणार म्हणाले, मग मागे घेतलं. वस्तुनिष्ठ पद्धतीने वर्षानुवर्षं तयारी केलेल्यांना सांगितलं की आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक; आंदोलन झालं तेव्हा ते २०२५ वर गेलं. यात पोराने कुठला धडा घ्यायचा? ज्या अपयशाचं कारणच हाती लागत नाही ते शिकवत नाही, ते फक्त झिजवतं. आणि झिजलेला माणूस समजूतदार दिसतो, म्हणून तुम्हाला वाटतं तो शिकला.

उत्साही : हा घाव बसला. पण नाना, मी उलटा प्रश्न विचारतो, रागावू नका. ज्या अपयशाची किंमत दुसऱ्याने भरली ते तरी काय शिकवतं? २०१७ ला कर्जमाफी झाली, २०१९ ला पुन्हा झाली. एक रुपयात पीकविमा आला आणि गेला. त्याने कापसावर कापूस थांबला का? फरदड थांबली? तुम्ही म्हणता किंमत एकट्यावर नको. मी म्हणतो, किंमत अजिबात लागली नाही तर धडाही लागत नाही. झळ बसायलाच हवी.

शंकेखोर : रागावणार, का नाही रागावणार! पाऊस न पडणं हा माझा धडा नाही. कापसाचा भाव पडणं हाही माझा धडा नाही. माफीने फक्त एवढं केलं की माणूस पुढच्या हंगामाला जिवंत राहिला. शिकायचं तर आधी पुढचा हंगाम लागतो. फरदड मी का थांबवली नाही विचारता? फरदडीच्या जागी मला त्या दोन महिन्यांत रोख पैसा देणारं दुसरं काही दाखवा, उद्या थांबवतो. झळ बसली पाहिजे म्हणता. झळ आणि चटका यांच्यामधली रेघ कोण ओढणार? सावलीत बसलेला?

उत्साही : रेघ कोणी तरी ओढायलाच हवी ना. मी रोज ओढतो. माझ्याकडे एक मुलगी आहे, बाबऱ्याकडची. मुख्य परीक्षेपर्यंत दोनदा गेली, दोनदा राहिली. आयोगाची वयाची अट तिला अजून कितीतरी लांब आहे. पण घरी मुलीचे अटेम्प्ट आयोग मोजत नाही, घर मोजतं. भाऊ चार वेळा पडला तर 'तयारी करतोय', ती दोनदा पडली तर 'स्थळ बघतोय'. तिची भीती मी जवळून बघतो. ती नापास व्हायला घाबरत नाही. नापास होण्याचा हक्क संपेल, याला घाबरते. परवा तिने विचारलं, सर, एक वर्ष मागू का घरी? मी तिला अपयशाचं महत्त्व सांगू शकत होतो. ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

शंकेखोर : मग काय सांगितलं?

उत्साही : काहीच नाही अजून. रविवारी तिचे वडील येणार आहेत. म्हणून तर तुमच्याकडे आलो. तुमच्या शब्दाला त्या बाजूला मान आहे.

शंकेखोर : मला पुढे करताय! मी बापाच्या बाजूने बोलेन, हे धरून चाला. किती एकर आहे त्यांना?

उत्साही : दोन. विहीर आहे, पण मार्चनंतर पाणी नाही.

शंकेखोर : दोन एकर, आणि पाठचा भाऊ शिकतोय का?

उत्साही : बारावीला आहे.

शंकेखोर : मग एका वर्षाचा खर्च कागदावर काढून आणा. खोली, मेस, फी, सगळं. आणि ही जागा गेली तर ती दुसरं काय करू शकते, तेही त्याच कागदावर लिहा, नुसतं 'शिकेल' असं लिहू नका. त्यातला तुमच्या अभ्यासिकेचा वाटा तुम्ही सोडणार असाल तर तो आकडाही टाका. बापासमोर मी तो कागद वाचेन. पटवेन असं म्हणत नाही.

उत्साही : माझी फी मी सोडली, तर अजून दहा जणी उद्या दारात उभ्या राहतील, नाना.

शंकेखोर : राहतील. तुमचंही वावर लहानच आहे म्हणा की.